सरकत्या बेटावरचा आठवडा

सुटीचा बेत आखणे ही गोष्ट तत्त्वचिंतनाच्या कक्षेत यावी असे सहसा कोणाला वाटत नाही. नीतीचे प्रश्न युद्धात, न्यायालयात, रुग्णशय्येजवळ उभे राहतात; प्रवासाच्या सामानाच्या यादीत ते सापडतील अशी अपेक्षा आपण करीत नाही. मोकळा वेळ म्हणजे कर्तव्यातून मिळालेली सवलत, असा आपला समज असतो. परंतु माणूस जगाकडून काय मागतो हे त्याच्या कामापेक्षा त्याच्या सुटीवरून अधिक स्पष्ट कळते, असे मला वाटत आले आहे. कामाचा बराचसा भाग गरजेने ठरलेला असतो. सुटीत निवड असते, आणि जेथे निवड असते तेथे नीतीचा प्रश्न फार दूर नसतो. येथे अशाच एका निवडीचा विचार करावयाचा आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासमोर वाळूची जी लांबट बेटे आहेत, त्यांपैकी एकावर सहकुटुंब एक आठवडा घालवावा की नाही, आणि घालवायचा तर कोणत्या समजुतीने, एवढाच हा प्रश्न आहे.

उत्तर कॅरोलायना राज्याच्या समोर ‘आउटर बँक्स’ या नावाने ओळखली जाणारी बेटांची एक बारीक माळ आहे. तिच्या आणि मुख्य भूमीच्या मध्ये पॅम्लिको साउंड हा उथळ, निमखाऱ्या पाण्याचा विस्तार पसरलेला आहे; काही ठिकाणी तो वीस मैलांहून अधिक रुंद आहे. बेटे मात्र इतकी अरुंद की अनेक जागी अर्ध्या मैलाच्या आत समुद्रापासून खाजणापर्यंत चालत जाता येते. भूगोलाच्या पुस्तकांत अशा बेटांना रोधक बेटे म्हणतात, कारण ती लाटा आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये आडवी असतात. हे नाव थोडे फसवे आहे. रोध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भिंत येते, आणि भिंत म्हणजे जागचे न हलणारे काहीतरी. ही बेटे हलतात म्हणूनच टिकतात.

ती कशी हलतात हे नीट पाहिले पाहिजे, कारण पुढचा सारा प्रश्न त्यावर उभा आहे. गेल्या हिमयुगात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरांहून अधिक खाली होती. ती चढत गेली तसतसा किनारा आत सरकला, आणि त्याच्याबरोबर वाळूचे हे दांडेही सरकले. मोठे वादळ आले की लाटा समुद्राकडची वाळू उचलून बेटावरून पलीकडे, खाजणाच्या कडेला टाकतात. तेथे गवत रुजते, दलदल तयार होते, कालांतराने जमीन होते. कधी वादळ बेटाचे दोन तुकडे करते आणि मधून वाट काढते; त्या वाटेने भरतीबरोबर आत गेलेली वाळू पुन्हा मागच्या बाजूला साचते. पुढची बाजू झिजत जाते, मागची वाढत जाते. बेट असे स्वतःवरून गडगडत भूमीकडे येते. म्हणूनच समुद्रकाठच्या उघड्या वाळूत कधी कधी जुन्या झाडांचे बुंधे आणि दलदलीतली काळी माती दिसते. एके काळी ही बेटाची पाठ होती. पाठीवर उगवलेले ते झाड आता छातीशी आले आहे. सप्टेंबर १८४६ मधल्या एका चक्रीवादळाने हॅटरस आणि ओरेगॉन या दोन वाटा फोडल्या. त्यांतली ओरेगॉनची वाट तेव्हापासून दोन मैलांहून अधिक दक्षिणेकडे गेली आहे. त्यामुळे तिच्यावर १९६३ साली बांधलेल्या पुलाखालचे पाणी जागचे हलू नये म्हणून पुढे कित्येक वर्षे झगडावे लागले.

राइट बंधू १९०० पासून येथे येत राहिले ते वाऱ्यासाठी आणि मऊ वाळूसाठी. ज्या टेकडीवरून त्यांनी आपली ग्लायडर उडवली ती टेकडीही सरकणारी होती. १९०३ नंतरच्या पंचवीस वर्षांत ती काहीशे फूट पुढे गेली. मग तिच्यावर स्मारक उभारायचे ठरले, तेव्हा आधी गवत लावून तिला जागच्या जागी धरून ठेवावे लागले. उड्डाणाचे स्मारक उभारण्यासाठी टेकडीला स्थिर करावे लागावे, यात एक विनोद आहे, पण तो तेथील फलकावर असण्याचा संभव कमी.

आता सुटीकडे वळू. या बेटांवर सुटीची रीत ठरलेली आहे. हॉटेलापेक्षा भाड्याचे घर घेतात. उन्हाळ्यात ते बहुधा शनिवार ते शनिवार असे आठवड्याने मिळते. घरे लाकडी खांबांवर उभी असतात, आणि आठदहा खोल्यांचे घर आजीआजोबांपासून नातवंडांपर्यंत तीन पिढ्यांनी मिळून घ्यायचे ही फार जणांची पद्धत. बेत हिवाळ्यातच होतो, कारण चांगली घरे लवकर जातात. भाड्याचे दर रांगेप्रमाणे असतात. अगदी समुद्राला लागून असलेली पहिली रांग सर्वांत महाग, मागे जावे तसे स्वस्त. म्हणजे जे घर सर्वांत आधी पडणार त्याला सर्वांत जास्त मोल. बाजाराला हे ठाऊक नसते असे नाही. बाजार फक्त यंदाच्या आठवड्याचे मोल करतो.

जे लोक येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले त्यांनी रांगा उलट्या मोजल्या. इंग्रज वसाहतवाले येण्यापूर्वी क्रोटोअन लोकांची वस्ती हॅटरस बेटाच्या रुंद भागात, रानाच्या आश्रयाने, खाजणाच्या बाजूला होती. पुढे मासेमारीवर जगणाऱ्या गावकऱ्यांनीही तीच जागा धरली. पुराचे पाणी घरात शिरले तर घर तरंगून वाहून जाऊ नये म्हणून जमिनीच्या फळ्यांना कुऱ्हाडीने भोके पाडून पाणी आत घेत, अशा हकिगती तेथे सांगितल्या जातात. समुद्राला घरात येऊ देऊन घर वाचवायचे, ही कल्पना मला पुष्कळ तत्त्वज्ञांच्या सहिष्णुतेच्या व्याख्यानांहून अधिक विचार करायला लावणारी वाटते.

अशा सुटीच्या बेताची एक चर्चा मी जवळून ऐकली आहे. माझी भाची त्या राज्यातल्या राली शहरात राहते. हॅटरस बेट तिच्या घरापासून मोटारीने चारपाच तासांवर आहे. तिचे सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. त्याआधीच्या उन्हाळ्यात सारे जण बेटावर पहिल्या रांगेतल्या एका घरात राहिले होते, आणि नातवाला मांडीवर घेऊन घराच्या जिन्यावर बसलेले सासरे हा त्यांचा शेवटचा फोटो. नातवाला आता सात वर्षे झाली आहेत. त्याला तेच घर हवे होते. त्या घराच्या जाहिरातीतल्या नव्या छायाचित्रांत भरतीचे पाणी खांबांमधून गेलेले दिसत होते, आणि जिन्याच्या खालच्या पायऱ्या नव्या लाकडाच्या होत्या.

भाचीने मला विचारले, “मामा, आपण एक आठवडा राहणार. घर आपण बांधलं नाही, विकत घेतलं नाही. भाडं देऊन राहायचं आणि निघून यायचं. यात आपला काय दोष?” तिच्या सासूबाई मालवणजवळच्या. त्या नातवाकडे पाहून म्हणाल्या, “अरे बाळा, पुळणीवर घर कोण बांधतं? पुळणीवर होडी ओढतात, जाळी सुकवतात. घर मागे, माडांच्या आड.” मला त्या वेळी आठवले की त्यांच्याच मुलखातल्या देवबागेला, कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर, आज पर्यटकांसाठी घरे आहेत आणि लाटा अडवायला दगडही टाकलेले आहेत, पण हे मी बोललो नाही.

भाचीचा प्रश्न मात्र टाळण्यासारखा नाही. पाहुण्याच्या निर्दोषपणाचा हा युक्तिवाद आहे, आणि तो आपण सारे जण पुष्कळ ठिकाणी वापरतो. आपल्या परंपरेत ‘अतिथी’ शब्दाची जी व्युत्पत्ती सांगतात तीत त्याच्या थोड्या मुक्कामावर भर आहे: तो राहत नाही, म्हणून तो अतिथी. थोडा वेळ राहणाऱ्यावर थोडी जबाबदारी, हे न्याय्य दिसते. पण येथे एक हिशेब आहे. पहिल्या रांगेतले घर कोणा एका कुटुंबाच्या आठवड्यासाठी उभे नसते, हे खरे. ते सगळ्या आठवड्यांच्या बेरजेवर उभे असते. भाडेकरूंचे सर्व आठवडे वजा करा, आणि कर्ज, विमा, खांबांची दुरुस्ती, पुढे टाकलेल्या वाळूच्या पिशव्या यांचा खर्च कोणाला परवडेल? मालक घर धरून ठेवतो, कारण घराला गिऱ्हाईक आहे. तेव्हा आपला आठवडा हा त्या घराच्या आणखी एका खांबासारखा असतो. खांब एकटा घर तोलीत नाही, म्हणून त्याच्यावर भार नाही असे कोणी म्हणत नाही.

आणि भार कोणावर पडतो? मे १०, २०२२ रोजी रोडँथी गावातली दोन घरे एकाच दिवशी समुद्रात कोसळली. त्यांच्या फळ्या, खिळे, काचा, मैलाटाकीतली घाण कित्येक मैल किनाऱ्यावर पसरली. तो किनारा राष्ट्रीय उद्यानाचा, म्हणजे सर्वांचा. तो वेचून साफ करायला उद्यानाचे कर्मचारी आणि स्वयंसेवक आले. २०२० पासून या बेटावर वीसहून अधिक घरे अशी पडली आहेत, आणि २०२५ च्या शरद ऋतूत रोडँथीपाठोपाठ बक्स्टन गावाची पाळी आली. घर पडले की संघराज्याच्या पूरविमा योजनेतून मालकाला भरपाई मिळते. ते पडण्याआधी हलवायला किंवा पाडायला मात्र ती योजना सहसा पैसे देत नाही. १९८७ साली कायद्यात दुरुस्ती करून तशी सोय केली होती. १९९४ साली ती काढून टाकली. त्यामुळे शहाणपणाने मागे सरणाऱ्याला स्वतःच्या खिशातून सरावे लागते, आणि वाट पाहणाऱ्याला नुकसान भरून मिळते. २०२३ साली उद्यानखात्याने रोडँथीतली दोन धोक्यातली घरे विकत घेऊन पाडली. हा योग्य मार्ग दिसतो, पण घरे पुष्कळ आहेत.

म्हणून जाऊच नये, असे म्हणणाऱ्यांचा एक पक्ष आहे. त्यांच्याशी मी सहमत नाही. बेटावरच्या गावांतली माणसे आता मासेमारीपेक्षा पाहुण्यांवर अधिक जगतात: घरे साफ करणाऱ्या बाया, होडीवाले, खानावळवाले, सुतार. सप्टेंबर २०१९ मध्ये डोरियन वादळाने ओक्राकोक गावात खाजणाच्या बाजूने पाणी चढले आणि घरेदारे भिजली. त्यानंतर त्या गावाला पुन्हा पाहुणे हवे होते, बहिष्कार नको होता. शिवाय दूर राहून मिळवलेले निर्दोषपण फार सोपे असते. जो समुद्राकडे जातच नाही त्याच्या मोटारीचा धूर आणि घरातली वातानुकूलन यंत्रे समुद्राची पातळी चढवण्याच्या कामी येतातच. २०१० साली राज्याच्या शास्त्रज्ञांच्या समितीने या शतकाअखेर ती सुमारे एक मीटर चढेल असे गृहीत धरून नियोजन करावे, अशी शिफारस केली. त्यावर २०१२ साली विधिमंडळाने कायदा करून काही वर्षे असे अंदाज नियमांसाठी वापरण्यास सरकारी खात्यांना मनाई केली. त्या वेळी देशभर त्याची थट्टा झाली. मला ती थट्टा थोडी अन्यायाची वाटते. पहिल्या रांगेत घर राखून ठेवणारे प्रत्येक कुटुंब आपल्या घरापुरता तोच कायदा करीत असते.

येथे आपण प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. धोका पत्करावा की नाही, हा गाभा नाही. धोक्याची व्यवस्था करारात असते. राज्याने १९९९ साली सुटीच्या भाडेकरारांविषयी कायदा केला. वादळापूर्वी बेट रिकामे करण्याचा हुकूम निघाला तर उरलेल्या दिवसांचे भाडे मालकाने परत द्यावे, मात्र त्याने आधी विमा देऊ केला असेल आणि त्याचा हप्ता एकूण रकमेच्या आठ टक्क्यांच्या आत असेल तर ते बंधन नाही, असे त्यात आहे. आठवड्याच्या अनिश्चिततेची किंमत अशी टक्क्यांत बांधता येते. टक्क्यांत न बांधता येणारी गोष्ट निराळी आहे. कुटुंब तेथे जाते तेव्हा त्याला वाळू आणि पाणी हवे असतेच, पण त्याहून अधिक त्याला ‘तेच’ हवे असते. तेच घर, तीच खोली, जिन्यावरचा तोच फोटो, दरवर्षी मुले थोडी उंच. मुलांच्या वाढीची आणि म्हाताऱ्यांच्या जाण्याची मोजदाद करायला एक न हलणारी खूण लागते. माझ्या भाचीच्या मुलाने हट्ट धरला तो समुद्रासाठी नव्हता. आजोबा ज्या पायरीवर बसले ती पायरी त्याला पाहावयाची होती. आणि त्यातल्या खालच्या पायऱ्या आधीच बदललेल्या होत्या.

ही मागणी क्षुल्लक नाही. कोणत्याही शोकातली ती पहिली मागणी असते. पण ती कोणाकडे करायची? ज्या भूमीचा धर्मच सरकणे हा आहे तिच्याकडे स्थैर्य मागणे, आणि ते पैशाने, वाळूच्या पिशव्यांनी, समुद्रतळाची वाळू उपसून वसूल करणे, यात मला एक अन्याय दिसतो. तो बेटावर तर आहेच. पण ज्या मुलासाठी हे सारे करायचे, त्या मुलावरही आहे. १९३० च्या दशकात सरकारने बेकारांना काम देऊन या बेटांच्या समुद्रकाठाने वाळूच्या उंच बांधांची लांबच लांब रांग उभी केली. हेतू चांगला होता: रस्ता आणि गावे वाचावीत. १९७३ साली रॉबर्ट डोलन, पॉल गॉडफ्री आणि विल्यम ओडम या अभ्यासकांनी बांध घातलेल्या हॅटरसची आणि बांध न घातलेल्या, दक्षिणेकडच्या कोअर बँक्सची तुलना मांडली. बांधांनी लाटांना पलीकडे जाऊ दिले नाही, म्हणून बेटाच्या पाठीला नवी वाळू मिळाली नाही. आणि पुढचा काठ तर झिजतच राहिला. राखलेले बेट अरुंद होत गेले. सोडून दिलेले बेट मागे सरत रुंदी टिकवून राहिले. ड्यूक विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञ ओरिन पिल्की, जे २०२४ साली वारले, त्यांनी हीच गोष्ट लोकांना आयुष्यभर सांगितली, आणि किनाऱ्यावरच्या जमीनमालकांचा रोषही पत्करला.

सुटीच्या बेटांचा इतिहास याहून क्रूर उदाहरणेही देतो. लुइझियानाच्या किनाऱ्यासमोर ‘शेवटचे बेट’ अशा अर्थाचे फ्रेंच नाव असलेल्या वाळूच्या बेटावर ऊसमळ्यांचे धनिक कुटुंबासह उन्हाळा काढीत. १० ऑगस्ट १८५६ च्या वादळात तेथे सुमारे दोनशे माणसे मेली. त्यांत मालकांची मुले होती, आणि मालकांच्या सुटीसाठी आणलेले गुलामही होते, ज्यांनी कोणताही बेत आखला नव्हता. आज ते एक बेट राहिलेले नाही. त्याचे तुकडे आहेत.

मग परत परत त्याच जागी यावे ही ओढ सोडून द्यायची काय? वाळूवर वर्षानुवर्षे परत येण्याची दुसरी एक पद्धत आपल्या देशात चालत आली आहे, म्हणून हा प्रश्न मला निराशेचा वाटत नाही. प्रयागला गंगेचे पुराचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या वाळूत माघमेळ्याचे गाव वसते. नदी दरवर्षी पात्र बदलते, म्हणून त्या गावाची आखणीही दरवर्षी नव्याने करावी लागते. कल्पवासाला येणारी कुटुंबे मात्र पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच पंड्याकडे उतरतात आणि गर्दीत त्याचा तंबू त्याच्या निशाणावरून ओळखतात. निशाण तेच, महिना तोच, चुलीभोवतीची माणसे तीच. खालची जमीन कालची नाही, आणि ती तशी असावी असे कोणी म्हणतही नाही. पावसाळ्यात तेथे नदी असते. या दोन गोष्टी सारख्या नाहीत, हे मला मान्य आहे. तंबूला विमा नसतो, आणि हॅटरसच्या गावकऱ्याला पावसाळ्यात उठून जायला दुसरे गाव नाही. तरीही परत येणे आणि धरून ठेवणे या निराळ्या क्रिया आहेत, एवढे यातून दिसते.

भाचीला मी शेवटी जे सांगितले त्यात तत्त्वज्ञान फारसे नव्हते. जा, पण पहिली रांग सोडा. बक्स्टनच्या रानाजवळ, जुन्या गावात घर घ्या, समुद्राकडे सायकलींवरून जा. ऑगस्टपेक्षा जून बरा. उन्हाळ्यात समुद्री कासवे रात्री अंडी घालायला वर येतात, तेव्हा किनाऱ्यावर दिवे लावू नका. आणि मुलाला त्या जुन्या घरापाशी न्या, आजोबांची पायरी दाखवा. पुढच्या वर्षी ती दाखवू, असे मात्र म्हणू नका. ही शेवटची अट तिला सर्वांत अवघड वाटली, आणि ते बरोबर होते. मुलांना आपण पुष्कळ वचने देतो, आणि त्यांतली बहुतेक आपल्या हातची नसलेल्या गोष्टींविषयी असतात.

तिने बेतात आणखी एक दिवस घातला, हॅटरसच्या दीपगृहासाठी. १८७० साली ते बांधले तेव्हा समुद्र दीड हजार फूट दूर होता. शंभर वर्षांनी तो दीडशे फुटांच्या आत आला. बंधारे घालून ते होते तेथेच वाचवावे, असे गावातल्या पुष्कळांचे म्हणणे होते. विटांचा एवढा उंच मनोरा हलवला तर तो मोडेल, अशी भीती होती. १९८८ साली राष्ट्रीय संशोधन परिषदेने ते हलवण्याचा सल्ला दिला, आणि त्यावर दहा वर्षे वाद चालला. अखेर १९९९ च्या उन्हाळ्यात सुमारे चार हजार आठशे टनांचा तो मनोरा रुळांवरून तेवीस दिवसांत दोन हजार नऊशे फूट मागे नेण्यात आला. समुद्रापासून त्याचे अंतर पुन्हा पहिल्याइतके झाले. जुन्या जागी पायाचे दगड राहिले होते. ते वर्तुळात मांडून त्यांवर दीपगृहाच्या रखवालदारांची नावे कोरली, म्हणजे जागा आणि माणसे दोन्ही स्मरणात राहतील. लाटा तेथेही येऊ लागल्या, दगड वाळूखाली जाऊ लागले. २०१५ साली तेही उचलून दीपगृहाजवळ नव्या जागी नेऊन मांडले. तेथे आता लोक त्यांवर बसतात, आणि मुले कोरलेली नावे बोटांनी वाचतात.